स्वयंपाकघरातली चप्पल

सक्करदऱ्याच्या आमच्या घरात मी आणि माझ्या सासूबाई मिळून जेवणाचे डबे करतो. सकाळी तीस, संध्याकाळी वीस. बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलं आहेत, दवाखान्यातल्या नर्सबाया आहेत, आणि एक म्हातारे वकीलसाहेब आहेत. वकीलसाहेबांना डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, पण ठेचा मात्र रोज लागतो.

कामाची वाटणी आमच्यात कधी ठरवून झाली नाही, पण झाली. बसून करायचं ते सगळं सासूबाईंचं. भाजी निवडणं, लसूण सोलणं, डबे पुसणं, झाकणं लावणं. उभ्यानं करायचं ते माझं. पहाटे पाचला मी ओट्यापाशी उभी राहिले की सकाळचे डबे जाईपर्यंत पाय हलतात ते फक्त गॅसपासून नळापर्यंत. दुपारी दोन तास आडवं व्हायचं की पुन्हा संध्याकाळच्या पोळ्या.

हे सगळं अनवाणी. काही वर्षांपूर्वी आम्ही जुनी फरशी काढून पांढऱ्या टाइल्स बसवल्या. त्या पाहायला आरशासारख्या आहेत आणि उभं राहायला दगडासारख्या. पण स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात देवघर होतं, आणि जिथं देव तिथं चप्पल नाही, हा सासूबाईंचा नियम. तो सगळ्यांना सारखा. नवा फ्रिज आला तेव्हा तो उचलून आणणाऱ्या दोघा माणसांना त्यांनी उंबऱ्यावरच थांबवलं होतं. हातात फ्रिज तसाच, आणि ते बिचारे एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल काढत होते. लग्न होऊन आल्यापासून मला कधी हा नियम जाचक वाटला नाही. माझ्या माहेरीही तसंच होतं.

दुखणं टाचेपासून सुरू झालं. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. भिंत धरून दहा-बारा पावलं चाललं की जरा मोकळं वाटायचं. मी म्हटलं, थंडीचं असेल, जाईल. थंडी गेली, टाच काही गेली नाही. मग उजवा गुडघा आतल्या बाजूनं ठणकायला लागला, आणि शेवटी कंबर. रात्री कूस बदलायची तरी आधी दोन मिनिटं विचार करावा लागे.

सासूबाई मूळच्या काटोलकडच्या खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर काही तरी असतं. त्यांनी वीट तापवली, तिच्यावर रुईचं पान ठेवलं आणि म्हणाल्या, "ठेव टाच. अन् ओरडू नको." तासभर फार बरं वाटलं. दुसऱ्या तासाला पुन्हा तेच. मग कंबरेला पट्टा आला, तिळाचं तेल आलं, गोळ्या आल्या. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला आणि सांगितलं, हाडं चांगली आहेत, फक्त जास्त उभं राहू नका.

"मग पोळ्या कशा लाटू?" मी विचारलं.

"बसून लाटा."

बसूनही लाटून पाहिल्या. लाटायला खाली बसायचं, भाजायला वर उठायचं. दोन दिवसांत कंबरेनं हात टेकले.

दुखण्यानं माझा स्वभाव बदलला हे मला सांगायला आवडत नाही, पण खरं आहे. मी मुळात बडबडी, हसरी बाई. त्या महिन्यांत मात्र कुणी काही बोललं की माझ्या कपाळावर आठी. एके दिवशी सासूबाईंनी वरण चाखलं आणि सहज म्हणाल्या, "मीठ जरा कमी वाटून राहिलं."

मी झारा ओट्यावर आपटला. "मग तुम्हीच उभ्या राहा न इथं!"

त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. खाली मान घालून झाकणं लावत राहिल्या. मला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतकंही त्राण नव्हतं. थोड्या वेळानं खालच्या कप्प्यातून मोठं पातेलं काढायला मी जमिनीवर बसले आणि उठताच येईना. गुडघा म्हणतो नको, कंबर म्हणते नको. ओट्याची कड धरली, हात घसरला. मी तशीच फतकल मारून बसले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

सासूबाईंनी हातातलं झाकण ठेवलं, पदर खोचला, माझ्यासमोर पाय रोवून उभ्या राहिल्या.

"धर मले."

"आई, तुम्ही पडाल."

"नाई पडत. वावरात बैल उठवले मी. धर."

मी त्यांच्या दोन्ही दंडांना धरलं. त्यांनी एका दमात मला उभं केलं. चौऱ्याहत्तरच्या बाईनं अठ्ठेचाळीसच्या बाईला उठवलं. आम्ही दोघी एकमेकींना धरून तशाच उभ्या होतो, आणि मी रडता रडता म्हटलं, "बैल म्हणालात तुम्ही मला." त्या हसायला लागल्या, मग मीही. मिठाबद्दल मी तेव्हाच माफी मागितली. त्यांना ती गोष्ट आठवतही नसावी असा चेहरा त्यांनी केला.

त्या दिवशी त्यांनी स्वतः मुलाला फोन लावला. आमचे हे खापरखेड्याच्या वीज केंद्रात आहेत. पाळ्यांमुळे तिथल्या कॉलनीतच राहतात आणि सुटीला घरी येतात. सासूबाई फोन कानापासून लांब धरून मोठ्यानं बोलतात, त्यामुळे सगळी गल्ली ऐकते.

"तुही बायको मोडून राहिली. ये अन् काही तरी कर."

हे आले ते एक बातमी घेऊन. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका गृहस्थांचा गुडघा वर्षभर दुखत होता. त्यांनी प्रताप नगरात एका बाईंकडून पायाच्या मापाचे इनसोल बनवून घेतले, म्हणजे बुटात घालायच्या तळव्याच्या गाद्या. आता ते जिने चढतात.

मी म्हटलं, "पाय दुखतो म्हणून पायाला गादी, तर मग कंबर दुखते म्हणून कंबरेला उशी बांधायची का?"

"बांधू, तेही बांधू," हे म्हणाले. "आधी चाल तं खरी."

प्रताप नगरला जायचं म्हणून मी नवे सँडल घातले. बाहेर जाताना बाई चांगलंच घालणार. तिथली ऑर्थोटिस्ट, म्हणजे पायाला असा आधार बनवणारी, सासरी गेलेल्या माझ्या मुलीच्या वयाची निघाली. केस वर बांधलेले, हातावर पांढऱ्या पावडरीचे डाग. मी तिला डॉक्टरीणबाई म्हटलं तर हसून म्हणाली, "मी डॉक्टर नाही काकू, मी फक्त पाय बघते." मग तिची नजर माझ्या सँडलवर गेली.

"हे नवेच दिसतात. रोजच्या चपला कुठे आहेत?"

"घरी."

"त्या बघायला मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं."

हे लगेच खाली गेले आणि स्कूटरच्या डिकीतून एक पिशवी घेऊन आले. पिशवीत माझ्या भाजी आणायला जायच्या झिजलेल्या चपला. तिथं जुन्या चपला बघतात हे त्या गुडघेवाल्या गृहस्थांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं आणि ह्यांनी निघताना गुपचूप त्या उचलल्या होत्या. सत्तावीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाला माझी साडी कुठली नवी नि कुठली जुनी हे कधी कळलं नाही, पण चपला बरोबर आणल्या. त्या टेबलावर निघाल्या तेव्हा मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तिला काहीच वाटलं नाही. उजवी चप्पल हातात घेऊन ती उलटीसुलटी करून पाहत राहिली, पत्रिका पाहावी तशी.

"बघा काकू. डावी सगळीकडून सारखी झिजलीय. उजवी आतल्या कडेला पार गेलीय."

खरंच होतं. वर्षभर मी ती चप्पल रोज घालत होते आणि एकदाही पालथी करून पाहिली नव्हती.

मग तिनं मला खोलीबाहेरच्या लांब बोळातून सहा-सात वेळा चालायला लावलं. साडी घोट्याच्या वर धरून, अनवाणी. ती मागून मोबाइलवर चित्रण करत होती. नंतर तिनं ते हळू करून दाखवलं. उजवं पाऊल जमिनीवर टेकलं की घोटा आत कलंडत होता, प्रत्येक पावलाला, न चुकता. मला वाटत होतं मी सरळ चालते.

तिनं खुर्चीवर बसवून तळवा दाबून पाहिला, घोटा फिरवून पाहिला, गुडघा पाहिला. एका पायावर उभं राहायला सांगितलं. डाव्यावर राहिले, उजव्यावर ह्यांचा खांदा धरावा लागला. शेवटी तिनं मऊ फोमनं भरलेली एक चपटी पेटी समोर ठेवली. त्यात पाय हळूच दाबला की ओल्या रेतीत उमटावा तसा ठसा उमटतो. तिनं माझा घोटा धरून, अगदी जपून, एकेक पाय त्यात दाबला. मी वरून पाहत होते. माझ्या पायांकडे इतका वेळ कुणी पाहिलेलं मला आठवत नाही. मी स्वतःही नाही.

"आपल्या पायाखाली एक कमान असते," ती म्हणाली. "तुमची उजवीकडची कमान उभं राहिलं की खाली बसते. पाऊल आत झुकतं. त्याच्यामागे गुडघा आत वळतो, गुडघ्यामागे कंबरेवर ताण येतो. तासभर झालं तर शरीर सांभाळून घेतं. तुमचं दिवसभर होतं, वर्षानुवर्षं झालं."

"म्हणजे हिची कंबर पायामुळे दुखते?" ह्यांनी विचारलं.

"सगळ्यांची नाही दुखत पायामुळे. कंबर दुखायची कारणं पुष्कळ असतात. काकूंचं बरंचसं इथून येतंय असं मला वाटतं. इनसोल बनवते, व्यायाम सांगते. दोन-तीन महिने नीट करून बघू. नाही फरक पडला तर तसं मी स्पष्ट सांगेन."

तिचं हे बोलणं मला आवडलं. आतापर्यंत प्रत्येकानं आठ दिवसांत बरं करतो असंच सांगितलं होतं.

मग तिनं वही उघडून विचारलं, "दिवसातून किती तास उभ्या असता?"

"आठ-नऊ."

"आणि तेव्हा पायात काय असतं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहायला लागले.

"काही नसतं," मी म्हटलं. "स्वयंपाकघर आहे ते."

तिनं पेन खाली ठेवलं. "काकू, मी कितीही चांगला इनसोल बनवला तरी तो पायाखाली असेल तेव्हाच काम करेल. बाहेरच्या चपलेत ठेवून तुम्ही नऊ तास अनवाणी उभ्या राहिलात तर काय उपयोग? घरात घालायला वेगळे सँडल घ्या. मागून पट्टा असलेले. त्यात मी इनसोल बसवून देते."

"हो, घालीन," मी म्हटलं आणि तेव्हाच मला माहीत होतं की घालणार नाही.

दहा-बारा दिवसांनी इनसोल मिळाले. वरून निळे, टाचेपाशी वाटीसारखे खोलगट, मधे उंचवटा. पहिल्या दिवशी पायाखाली लिंबू आल्यासारखं वाटलं. पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, असं वाढवत न्यायचं होतं. मी भाजीबाजारात घालून जायची, बँकेत घालून जायची. बाहेर असेपर्यंत पाय खरंच हलका वाटायचा. घरी आलं की सँडल उंबऱ्याबाहेर, आणि मी टाइल्सवर. तीन आठवडे झाले आणि सकाळचा खिळा जागच्या जागी.

सासूबाईंना विचारायची हिंमत मला का झाली नाही, हे आजही नीट सांगता येत नाही. त्या खाष्ट नाहीत. माझं बाळंतपण त्यांनी केलं, माझी आई गेली तेव्हा पंधरा दिवस माझ्या तोंडात घास त्यांनीच घातला. पण काही गोष्टी घरात इतक्या जुन्या असतात की त्यांच्याबद्दल विचारणं म्हणजे माणसाला दुखवणं, असं मनात बसलेलं असतं. मग मी एक युक्ती काढली. जाड लोकरीचे मोजे आणले, इनसोल मोज्याच्या आत घातले आणि भर उन्हाळ्यात मोजे घालून पोळ्या करायला लागले.

"काहून वं, थंडी वाजून राहिली का तुले?" सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"पाय गार पडतात."

"एप्रिलात?"

मी तव्यावरची पोळी उलटायला वळले. त्यांनीही विषय वाढवला नाही.

चौथ्या दिवशी ओट्याखाली थोडं पाणी सांडलेलं होतं. मी वरणाचं पातेलं उतरवून वळले, मोज्यातला इनसोल फिरला आणि पाय सटकला. मी पडले नाही. ओट्याला धरलं. पण पातेलं कलंडलं आणि अर्धं वरण पांढऱ्या टाइल्सवर पसरलं. नशिबानं पायावर आलं नाही.

सासूबाई धावत आल्या. आधी माझे हात पाहिले, पाय पाहिले, कुठं भाजलं का. मग त्यांची नजर मोज्यावर थांबली. इनसोल आडवा होऊन पायाच्या बाजूनं फुगवटा आला होता.

"हे काय घातलं वं आत?"

मला खोटं बोलता येईना. मी तिथंच स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. चप्पल कशी झिजली, घोटा कसा कलंडतो, ती मुलगी काय म्हणाली, सगळं. त्या ऐकत होत्या. वरण जमिनीवर हळूहळू देवघराच्या दिशेनं चाललं होतं आणि दोघींपैकी कुणीच ते पुसत नव्हतं.

"अन् हे मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्हाला आवडलं नसतं. चप्पल घालून, देवासमोर."

"आवडलं असतं का नसतं, ते मी सांगतलं असतं," त्या म्हणाल्या. "तू इचारलंच नाही. तू समजून चालली का बुढीले देव मोठा, सून लहान."

आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी फडकं घेतलं, वरण पुसायला लागल्या. मी उठले तर म्हणाल्या, "बस तू." पुन्हा डाळ लावली, डबे तासभर उशिरा गेले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्या कामापुरतंच बोलल्या. मी घाबरून होते. सुटीला हे घरी आले तेव्हा मी त्यांना दारातच सांगितलं, आई रुसल्यात.

चहा झाल्यावर सासूबाईंनी ह्यांना हाक मारली.

"ड्रिल मशीन आहे का तुह्यापाशी?"

"आहे. काहून?"

"देवघर हलवाचं आहे. समोरच्या खोलीत, खिडकीपाशी."

हे एकदम गंभीर झाले. त्या देवघराला ह्यांच्या वडिलांनी स्वतः रंधा मारला होता आणि मला आठवतं तेव्हापासून ते त्याच कोपऱ्यात होतं.

"माय, भटजी बोलवाचा का?"

"कायले? रोज पूजा मीच करते न. मीच हलवते, मीच बसवते." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "इथं धुराधुरात फोडण्या खाऊन देवायलेही खोकला लागला असेल. तिकडे हवा आहे. अन् त्यायले का पोळ्या लाटाच्या आहेत?"

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. हे खुर्चीवर चढून भिंतीला भोकं पाडत होते, खाली मी परातीत देव घेऊन उभी, आणि सासूबाई "डावीकडं, अजून डावीकडं" करत होत्या. अन्नपूर्णा मात्र त्यांनी परातीतून उचलून जरा वेळ हातात धरली. म्हणाल्या, "हिले तं स्वयंपाकघरच सोडावं लागून राहिलं." मग स्वतःच उत्तर दिलं, "जाऊ दे. तिची माणसं आहेत न आत." देव बसले, दिवा लागला, खिडकीतून ऊन थेट त्यांच्यावर आलं. सासूबाई बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. मागे वळल्या तेव्हा चेहरा अगदी मोकळा होता.

त्याच संध्याकाळी ह्यांनी मागून पट्टा असलेले सँडल आणले. मी खोक्यातून काढते तोच सासूबाईंनी ते माझ्या हातातून घेतले आणि नळाखाली धरले. तळापासून, साबण लावून, घासून.

"आई, अहो! माझ्या चपला तुम्ही काय धुता?"

"नवीन आहेत, दुकानात कोनाकोनाचे पाय लागले असतील. स्वयंपाकघरात जाणारी वस्तू धुवूनच जाईल."

"मग द्या, मी धुते."

"तू पोटुशी होती तेव्हा तुहे पाय चेपले मी. चप्पल धुवाले काय झालं?"

मी फडकं पुढे केलं. काही बोलले असते तर रडले असते. त्यांनी सँडल फडक्यानं कोरडे केले, इनसोल आत बसवले, ओट्यासमोर ठेवले आणि अटी सांगितल्या. हे सँडल उंबरा ओलांडणार नाहीत. बाहेरचे आत येणार नाहीत. आणि दर शनिवारी धुतले जातील. मी सगळ्याला हो म्हटलं.

बरं वाटायला वेळ लागला. ते एका दिवसात झालं नाही. पोटरी ताणायचा व्यायाम होता. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यायचा आणि तीसपर्यंत मोजायचं. मोजायचं काम सासूबाईंनी घेतलं. त्या लसूण सोलत मोजायच्या आणि वीसला पोचल्या की मधेच काही तरी आठवायचं, "अगं, वकीलसाहेबाचा ठेचा टाकला का?" आणि मग पुन्हा एकपासून. माझी पोटरी त्यामुळे ठरल्यापेक्षा जरा जास्तच ताणली गेली. उजव्या इनसोलची कड बोटांपाशी टोचत होती, ती प्रताप नगरला जाऊन घासून आणली.

मे महिन्यातली एक सकाळ. दूधवाल्यानं बेल वाजवली, मी उठले, दार उघडलं, पिशव्या घेतल्या, परत येऊन गॅसवर ठेवल्या. दूध तापायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की मी भिंत धरली नव्हती. खात्री करायला मी पुन्हा पलंगावर जाऊन बसले आणि पुन्हा पहिलं पाऊल टाकलं. खिळा नव्हता. थोडं आखडलेपण होतं, पण खिळा नव्हता. मी सासूबाईंना उठवलं. त्यांना वाटलं काही झालं. "काय झालं वं, काय झालं?" मी म्हटलं, "काही झालं नाही. दुखलं नाही." तोवर दूध उतू गेलं.

गुडघा त्यानंतर महिनाभरात शांत झाला. कंबर सगळ्यात शेवटी. ती अजूनही लग्नसराईत जास्त काम पडलं की आठवण देते, पण आता रात्री मी विचार न करता कूस बदलते. आणि माझी बडबड परत आली. सांबारवडीच्या मोठ्या ऑर्डरी आम्ही बंद केल्या होत्या, त्या पुन्हा घ्यायला लागलो. कोथिंबिरीचं सारण भरून वळकट्या करून तळायच्या म्हणजे उभ्याचंच काम, पण मी गाणी म्हणत करते. संध्याकाळचे डबे गेले की आम्ही दोघी सक्करदऱ्याच्या तलावाच्या बाजूनं फेरी मारतो. सासूबाई माझ्यापेक्षा भरभर चालतात आणि दर थोड्या वेळानं थांबून मागे पाहतात, माझा उजवा घोटा सरळ पडतो की नाही ते.

अशाच एका फेरीत त्या म्हणाल्या, "मलेही पाह्यजे."

"काय?"

"गादी. निळी."

"तुमचं काय दुखतं?"

"दुखाचीच वाट पाहाची का?"

मी किती समजावलं, पण ऐकेनात. शेवटी मी त्यांना प्रताप नगरला घेऊन गेले. त्यांनी त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि पायाला घासून घासून दगड लावला होता. त्या मुलीनं त्यांनाही बोळातून चालवलं. सासूबाई अशा चालल्या की जणू लग्नात मानाच्या पाहुण्या येताहेत. मग फोमची पेटी. पाय आत जाताना गुदगुल्या झाल्या आणि त्या इतक्या हसल्या की पहिला ठसा बिघडला, दुसरा घ्यावा लागला.

मुलगी तो ठसा दिव्याखाली धरून बराच वेळ पाहत होती. रुंद पाऊल, बोटं पंख्यासारखी पसरलेली, मधली कमान सुरेख.

"आजी, तुम्ही लहानपणी चपला घालत होता का?"

"लग्नापर्यंत चप्पल पाहिली नाही. मातीत चाललो आम्ही, ढेकळायवर."

"तुम्हाला इनसोलची काही गरज नाही. तुमचा पाय अगदी चांगला आहे."

सासूबाईंचा चेहरा पडला. "हिले दिला, अन् मले नाही? काहून?"

"काकूंचा पाय बसलाय म्हणून दिला, आजी. तुमचा नाही बसला. फक्त टाइल्सवर मऊ चप्पल घालत जा."

तरी त्यांचं समाधान होईना. खुर्चीतून उठेनात. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "आजी, एक मागू का? हा तुमचा ठसा मी ठेवून घेऊ? माझ्याकडे शिकायला मुली येतात, त्यांना दाखवीन. असा पाय आता शहरात बघायला मिळत नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पदर नीट केला.

"ठेव," त्या म्हणाल्या. "अन् धूळ बसू देऊ नको."

घरी आल्यावर त्यांनी काटोलला बहिणीला फोन लावला, कानापासून लांब धरून. मी आत सँडल घालून कणीक मळायला घेतली. बाहेरून आवाज येत होता.

"हाव वं! माह्या पायाचा साचा ठेवला तिनं, कपाटात! पोरी शिकतील म्हंते त्याच्यावरून! ... नाई नाई, सुनेचा नाही ठेवला. माहाच."

मी पिठाच्या हातानं तोंड दाबून हसत होते, आणि कणीक जरा सैलच मळली गेली.